विल्फर्डचा कबुलीजवाब आणि संशोधनातील प्रामाण्याचा प्रश्न

१

संशोधनातील गैरव्यवहाराची चर्चा बहुधा व्यक्तीच्या सचोटीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. कोणी दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर छापतो, कोणी न केलेल्या पाहणीचे आकडे देतो, कोणी बनावट कागद अस्सल म्हणून पुढे करतो. दोषी सापडला आणि त्याला शासन झाले, की ज्ञानव्यवहार पूर्ववत शुद्ध झाला असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची मर्यादा दाखवून देणारे एक प्रकरण भारतीय प्राच्यविद्येच्या अगदी आरंभकाळात काशीत घडले. त्या प्रकरणातील संशोधक प्रामाणिक होता. त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही त्या काळातील सर्वांत नामवंत पाश्चात्त्य संस्कृतज्ञाने छापून दिली होती. बनावट उघडकीस आल्यावर संशोधकाने स्वतःच ती जाहीर केली. असे असूनही त्याच्या निबंधाचा आधार खोटा होता, आणि जाहीर कबुलीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो खरा समजून वापरला गेला. म्हणजे वैयक्तिक सचोटी, श्रेष्ठींची मान्यता आणि चुकीची कबुली हे संशोधननीतीचे तिन्ही आधार येथे उपस्थित होते. तिन्ही अपुरे पडले. ते का अपुरे पडले हे पाहणे, म्हणजे संशोधनातील प्रामाण्य नेमके कोठे वसते हे पाहणे होय.

या प्रकरणातील संशोधक फ्रान्सिस विल्फर्ड. हा मूळचा हॅनोव्हरचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातील अभियंता अधिकारी. पुढे काशीत स्थायिक झाला आणि १८२२ मध्ये तेथेच वारला. १५ जानेवारी १७८४ रोजी सर विल्यम जोन्सच्या पुढाकाराने कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीची स्थापना झाली आणि १७८८ पासून तिचे ‘एशियाटिक रिसर्चेस’ हे निबंधखंड निघू लागले. या खंडांनी भारताविषयीच्या युरोपीय ज्ञानाचे स्वरूपच पालटले. प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या ऐकीव माहितीच्या जागी संस्कृत ग्रंथांच्या प्रत्यक्ष वाचनावर आधारलेले ज्ञान, ही त्यांची प्रतिज्ञा होती. काशीतही याच सुमारास या ज्ञानव्यवहाराची एक संस्था उभी राहिली. तेथील रेसिडेंट जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा स्थापन केली. हाच डंकन १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. विल्फर्डचे संशोधन या दोन संस्थांच्या छायेत वाढले.

२

‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात, १७९२ मध्ये, विल्फर्डचा दीडशेहून अधिक पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, हिंदूंच्या प्राचीन ग्रंथांत आढळणारे इजिप्त व नाईल नदीचे वर्णन. पुराणांतील काली नदी म्हणजे नाईल, मिश्रस्थान म्हणजे इजिप्त, कुशद्वीपाचा विस्तार आफ्रिकेपर्यंत, अशी समीकरणे मांडून त्याने पुराणांतील भूगोल आणि ग्रीक व बायबलमधील परंपरा एकाच सूत्रात गुंफल्या. या सर्वांत युरोपीय वाचकाला अधिक थरारून सोडणारी गोष्ट होती ती सत्यव्रत राजाच्या तीन पुत्रांची. शर्म, चर्म आणि ज्यापेति अशी त्यांची नावे. राजा मद्याच्या अमलाखाली असताना एक पुत्र त्याला हसतो आणि शापित होतो. बायबलमधील नोहा आणि त्याचे पुत्र शेम, हाम व याफेथ यांच्या कथेशी हे साम्य इतके नेमके होते, की मोशेच्या ग्रंथांना हिंदूंच्या ग्रंथांतून स्वतंत्र पुरावा मिळाला असे श्रद्धावान विद्वानांना वाटले. पद्मपुराणातील म्हणून मिळालेल्या या उताऱ्याचे भाषांतर स्वतः जोन्सने केले होते.

निबंधाच्या शेवटी अध्यक्ष या नात्याने जोन्सची टिप्पणी आहे. तीत तो सांगतो, की आरंभी त्याच्या मनात स्वाभाविक अविश्वास होता. परंतु निबंधात आधारभूत मानलेले मूळ संस्कृत उतारे त्याने एकट्याने आणि पंडिताबरोबर पुन्हा पुन्हा वाचले, आणि आता विल्फर्डचा सद्हेतू व त्याच्या उताऱ्यांचा आणि भाषांतरांचा सर्वसाधारण अचूकपणा यांबद्दल साक्ष देताना त्याला आनंद होत आहे. आजच्या परिभाषेत हे तज्ज्ञ-परीक्षणच होते, आणि ते वरवरचे नव्हते. जोन्सने संस्कृत तपासले, भाषांतर तपासले, लेखकाचा हेतू तपासला. तपासायचे राहिले ते एकच: हे उतारे ज्या पोथ्यांतून आले असे सांगितले जाते त्या पोथ्यांत, लेखकाशी संबंध नसलेल्या अन्य प्रतींत, ते खरोखरीच आहेत का. लेखकाचा सद्हेतू खरा होता म्हणून जोन्सची साक्ष त्या बाबतीत खरीच ठरते. परंतु सद्हेतूची साक्ष ही साधनाची साक्ष नव्हे. १७९४ मध्ये जोन्स वारला. आपण कशाला ग्वाही दिली हे त्याला कधीच कळले नाही.

३

पुढील हकीकत विल्फर्डने स्वतःच १८०५ मध्ये, ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या आठव्या खंडातील निबंधाच्या प्रास्ताविकात सांगितली आहे. त्याने आपल्या पंडिताला सर्व पुराणांतून आणि इतर ग्रंथांतून आपल्या विषयाशी संबद्ध उतारे काढून ते विषयवार लावण्याचे काम दिले होते. त्यासाठी मदतनीस आणि लेखनिक यांचा खर्च नेमून दिला होता, पाठशाळेत त्याला जागा मिळवून दिली होती, सणावारी त्याला व त्याच्या कुटुंबाला भेटी दिल्या जात. त्याला आपण गुरू मानतो असेही विल्फर्ड दर्शवीत असे. पंडिताचे बोलणे रोखठोक होते, धार्मिक प्रश्नांवर तो साहेबाशी शांतपणे वाद घाली, आणि म्हणूनच त्याच्यावरचा विश्वास वाढला होता. या काळात विल्फर्ड त्याला युरोपच्या प्राचीन कथा, इतिहास आणि भूगोल समजावून सांगत असे. एवढ्या अफाट वाङ्मयातून वाट काढण्यासाठी पंडिताच्या हाती काही धागा हवा, अशी त्याची भूमिका होती.

पंडिताने धागा उचलला. मदतनिसांसाठी दिलेला पैसा त्याने स्वतःकडे ठेवला, ग्रंथ धुंडाळण्याचे कष्ट टाळले, आणि पुराणांतील जे आठवत होते त्यात साहेबाच्या बोलण्यातून कळलेले मिसळून कथा रचण्यास आरंभ केला. हे काम त्याला सोपे गेले, याचे विल्फर्डने दिलेले कारण मराठी वाचकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे: काशीतील पहिल्या प्रतीच्या एका ‘मराठ्या’च्या पदरी असल्यामुळे पंडिताचा पुराणांचा व्यासंग दांडगा होता. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द जातिवाचक नसून मराठी मुलखातील कोणाही मातब्बराला लावला जाई. म्हणजे मराठी आश्रयदात्याच्या घरी पुराणश्रवणासाठी जोपासलेली विद्या त्याच शहरात कंपनीच्या अधिकाऱ्याला ‘साधने’ पुरवण्याच्या कामी आली. आश्रयदाते दोन होते आणि त्यांच्या मागण्याही दोन होत्या. पहिल्याला पुराण ऐकायचे होते. दुसऱ्याला त्यातून पुरावा काढायचा होता.

आठव्या खंडातील निबंध सिद्ध करताना विल्फर्डने आपले सर्व उतारे मूळ पोथ्यांशी ताडून पाहण्याचे ठरवले तेव्हा पंडिताची धांदल उडाली. विल्फर्ड बनावटीचे तीन वर्ग करतो. पहिल्या वर्गात एखाददुसराच शब्द बदललेला होता. कथा बरोबर, पण देशाचे नाव खोडून तेथे इजिप्तचे किंवा श्वेतद्वीपाचे नाव घातलेले. पडताळणी होणार असे कळल्यावर पंडिताने स्वतःच्या, विल्फर्डच्या आणि पाठशाळेच्याही पोथ्यांतील मूळ नावे खोडून ही नावे लिहिली. दुसऱ्या वर्गातील कथांत अधिक मोठा फेरफार होता. त्या थोड्या परंतु महत्त्वाच्या होत्या. पोथीची पाने सुटी असल्याचा फायदा घेऊन त्याने एकदोन पाने काढली आणि त्या जागी बदललेल्या कथेची पाने घातली. जुन्या पोथीत हरवलेल्या पानांच्या जागी नवी पाने असणे नित्याचेच असल्याने त्यावर संशय येण्याचे कारण नव्हते. तिसरा वर्ग सर्वांत मोठा, स्मरणातून रचलेल्या कथांचा. त्यांना घर मिळावे म्हणून पंडिताने स्कंद आणि ब्रह्मांड या पुराणांतील म्हणून दोन संपूर्ण खंड पुराणांच्या शैलीत लिहून काढले. त्यांची श्लोकसंख्या बारा हजार होती. खंडांची नावे मात्र खरी होती. मूळ खंड अतिशय दुर्मिळ असल्यामुळे ती उसनी घेता आली.

आरोप झाल्यावर पंडित संतापला, त्याने शापवाणी उच्चारली आणि उतारे अस्सल असल्याची शपथ घेण्यासाठी दहा ब्राह्मण आणून उभे केले. विल्फर्डने त्यांची कानउघाडणी केली आणि शपथा घेऊ दिल्या नाहीत. या शोधाने त्याच्या आधीच ढासळलेल्या प्रकृतीवर गंभीर परिणाम झाला असे तो लिहितो. सत्यव्रताच्या पुत्रांची कथा बनावट ठरली. ज्या उताऱ्याने युरोप थरारला होता तो बायबलकडून पंडिताकडे, पंडिताकडून पुराणाकडे आणि पुराणाकडून पुन्हा बायबलच्या समर्थनाकडे असा फिरून आला होता.

४

या हकीकतीचे वाचन नेहमी एकाच रीतीने झाले आहे: भोळा साहेब आणि लबाड पंडित. माक्स म्युल्लरने १८७० मध्ये तौलनिक धर्मविचारातील खोट्या साम्यांवर लिहिताना विल्फर्डचे उदाहरण विस्ताराने दिले. त्याने विल्फर्डच्या उतावळेपणावरही बोट ठेवले, परंतु फसवणूक करणारे आणि फसवले गेलेले ही विभागणी कायम राहिली. येथे काही गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी, की ही सगळी कथा आपल्यापर्यंत पोचते ती विल्फर्डच्या लेखणीतून. तीन वर्गांची व्यवस्थित मांडणी, शपथेचा प्रसंग, पैशाचा अपहार या सर्वांचा निवेदक एकच आहे, आणि तो या प्रकरणातील पक्षकारही आहे. कबुलीजवाब हा वाङ्मयप्रकार निवेदकाला नैतिक उंची मिळवून देणारा असतो. चूक कबूल करणारा विल्फर्ड वाचकाच्या मनात शुद्ध होऊन बाहेर पडतो आणि दोष एका नोकराच्या स्वभावात साठवला जातो. निवेदन खोटे आहे असे यावरून म्हणता येत नाही. मात्र त्यातील दोषांची वाटणी जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारणही नाही.

दुसरी गोष्ट पंडिताच्या कृतीच्या स्वरूपाची आहे. स्कंदपुराणाच्या नावाने नवे खंड रचणे ही काशीतील कोणा एकाची कल्पना नव्हती. क्षेत्रमाहात्म्ये आणि स्थलपुराणे रचून ती स्कंद किंवा ब्रह्मांड पुराणाचा भाग म्हणून प्रचारात आणण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. महाराष्ट्र आणि गोमंतक यांना परिचित असलेले ‘सह्याद्रिखंड’ हे त्याचे ठळक उदाहरण. ते स्कंदपुराणाचा भाग म्हणवते. गेर्सन द कून्य यांनी ते १८७७ मध्ये मुंबईत छापून प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर जातींच्या मूळपीठिकांच्या वादात त्याचे श्लोक पुरावा म्हणून फेकले गेले. पुराण ही ‘लेखक’ या संकल्पनेला न जुमानणारी, वाढत जाणारी संहिता आहे. तिच्यात भर घालणारा पौराणिक आपले नाव मिटवून व्यासाच्या नावाखाली उभा राहतो. या व्यवहारात ‘बनावट’ हा शब्द सहसा लागू पडत नाही.

तथापि एवढ्यावरून पंडिताला निर्दोष ठरवणे हा उलट दिशेचा भाबडेपणा होईल. पौराणिक आपल्या परंपरेत भर घालतो तेव्हा तो पाठशाळेच्या पोथीतील शब्द खरवडत नाही, पाने बदलत नाही आणि शपथेला माणसे आणत नाही. आपण देत आहोत ते ‘भर’ म्हणून नव्हे तर ‘साधन’ म्हणून स्वीकारले जात आहे, हे पंडिताला पुरते ठाऊक होते. शब्द तेच, श्लोक तेच, शैली तीच. परंतु श्रवणाच्या व्यवहारातून पुराव्याच्या व्यवहारात आणल्याबरोबर त्यांची नैतिक जात बदलते. संहितेच्या अस्सलपणाचा प्रश्न केवळ संहितेत नसतो. ती कोणत्या व्यवहारात, काय म्हणून सादर केली जाते त्यात असतो. प्रक्षेप आणि बनावट यांतील भेद येथे आहे, आणि साहित्यविचाराने तो धूसर होऊ देणे परवडणारे नाही.

तिसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट मागणीच्या स्वरूपाची आहे. विल्फर्डने पंडिताला प्रश्न दिला नव्हता. उत्तर दिले होते आणि त्याचे दाखले मागितले होते. अन्नदाता काय ऐकल्याने संतुष्ट होतो हे पंडिताला प्रत्येक बैठकीत कळत होते. ‘सापडले नाही’ या उत्तराला त्या व्यवस्थेत मोल नव्हते. सापडलेल्या प्रत्येक दाखल्याला होते. पैशाचा अपहार हा निमित्तमात्र. पगार, जागा आणि बक्षिसे जेथे निष्कर्षाशी बांधलेली असतात तेथे पुरावा तयार होतो, मग तो पोथीत असो वा नसो. विल्फर्डने हेतुपुरस्सर खोटेपणा केला नाही. पण खोटेपणा फायदेशीर ठरेल अशी रचना मात्र त्यानेच उभी केली.

हे विल्फर्डपुरते मर्यादित नाही. त्याच्या आधी तीन दशके ‘एझूर्वेदम्’ नावाचा, यजुर्वेदाचे भाषांतर म्हणवणारा एक फ्रेंच ग्रंथ व्हॉल्तेअरच्या हाती पडला. ख्रिस्ती धर्माहून प्राचीन अशा शुद्ध एकेश्वरवादाचा पुरावा म्हणून त्याने तो उचलून धरला आणि १७६१ मध्ये फ्रान्सच्या राजग्रंथालयाला दिला. १७७८ मध्ये तो छापला गेला. ग्रंथ वस्तुतः भारतातील जेझुइट मिशनऱ्यांच्या वर्तुळात तयार झालेला होता, हे फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८२२ मध्ये दाखवून दिले. व्हॉल्तेअरला बायबलवर मात करणारा भारत हवा होता, विल्फर्डला बायबलची साक्ष देणारा. इच्छा परस्परविरुद्ध होत्या. दोघांनाही हवा तो भारत मिळाला.

शतकाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रकार पुन्हा घडला. मध्य आशियातील खोतानच्या वाळवंटातून आलेली अज्ञात लिप्यांतील हस्तलिखिते व ठशांची पुस्तके यांवर रुडॉल्फ हर्न्ले यांनी १८९९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अहवाल प्रसिद्ध केला. बनावटीची शक्यता त्यांनी विचारात घेतली आणि फेटाळली. १९०१ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी खोतानमध्ये इस्लाम आखून या विक्रेत्याची उलटतपासणी केली. हर्न्ले यांच्या अहवालातील छायाचित्रांत त्याने स्वतःचीच कारागिरी ओळखली. आरंभी तो अस्सल लिपीची नक्कल करीत असे; घेणाऱ्यांना ती वाचता येत नाही असे ध्यानात आल्यावर त्याने तेवढेही कष्ट सोडले आणि मनाला येतील तशा खुणा काढल्या. बनावटीचा दर्जा बनवणारा ठरवीत नाही. तो घेणाऱ्याच्या परीक्षेवर ठरतो, हे या प्रकरणाचे तात्पर्य.

५

कबुलीनंतर काय झाले, हा या प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. पहिला धक्का विल्फर्डच्याच निबंधात बसतो. ज्या निबंधाच्या प्रास्ताविकात ही कबुली आहे त्याचा विषय आहे पश्चिमेकडील पवित्र बेटे. पुराणांतील श्वेतद्वीप म्हणजे ब्रिटिश बेटे होत, हा त्यातील सिद्धान्त. पंडिताने पोथ्यांतील नावे खोडून इजिप्तबरोबर दुसरे कोणते नाव घातले होते, हे येथे आठवावे. विल्फर्डने पुरावे वगळले, पद्धतही सुधारली. ज्या इच्छेने ते पुरावे निपजवले ती इच्छा मात्र तशीच राहिली. कबुली दिली गेली ती साधनांबद्दल; प्रश्नाबद्दल नाही.

दुसरा धक्का वाचकांचा. जॉर्ज स्टॅन्ली फेबर याने १८१६ मध्ये मूर्तिपूजेच्या उगमावर लिहिलेल्या बृहद्ग्रंथात विल्फर्डचा आधार मुक्तपणे घेतला आहे. एच. एच. विल्सनसारखे संस्कृतज्ञ सावध होते. परंतु ग्रंथालयाच्या कपाटात तिसरा खंड आणि आठवा खंड वेगवेगळे उभे असतात. तिसरा उघडणाऱ्याच्या हाती आठवा पडेलच असे नाही. नाईलचा उगम शोधण्यास निघालेल्या जॉन हॅनिंग स्पीक याला झांझिबार येथे, मुंबई सैन्यातील अधिकारी आणि तेव्हाचा तेथील ब्रिटिश वकील रिग्बी याने एक निबंध आणि नकाशा दिला. तो विल्फर्डचा होता. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात स्पीक तो मोठ्या आदराने उल्लेखतो आणि नाईलच्या उगमाविषयीचे ज्ञान मुळात प्राचीन हिंदूंकडून आले असावे असे मत देतो. कबुली छापून तेव्हा ५८ वर्षे झाली होती. विधान एका गतीने प्रवास करते आणि त्याची दुरुस्ती दुसऱ्या गतीने. विशेषतः विधान रम्य असेल आणि दुरुस्ती रूक्ष असेल तर दोघांची गाठ पडणे कठीण. आज मागे घेतलेले शोधनिबंध मागे घेतल्यानंतरही उद्धृत होत राहतात, ही तक्रार सर्व विद्याशाखांत ऐकू येते. तिचे भारतीय पूर्वरूप इतके जुने आहे.

मग प्रामाण्य कोठे ठेवावे? याचे एक उत्तर पुण्यात घडले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती बाराशेहून अधिक हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झाली. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाला विष्णु सीताराम सुकथनकर यांनी लिहिलेली प्रस्तावना पाठचिकित्सेचा आदर्श मानली जाते. तिची तांत्रिक थोरवी सर्वज्ञात आहे. येथे प्रस्तुत आहे ती तिच्यातील नीती. संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ हस्तलिखितांच्या संकेतांसह खाली, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत, आणि जेथे स्वीकृत पाठाविषयीही खात्री नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ. संपादक आपल्यावर विश्वास ठेवा असे म्हणत नाही; आपल्यावर अविश्वास दाखवायचा असेल तर लागणारी सारी सामग्री तो वाचकाच्या हाती देतो. जोन्सने विल्फर्डबद्दल साक्ष दिली होती. येथे कोणाच्या साक्षीची गरजच उरत नाही.

या नीतीची कसोटी लागली ती गणेशाच्या कथेत. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही कथा महाराष्ट्राच्या मनात जितकी रुजली आहे तितकी क्वचितच दुसरीकडे रुजली असेल. पुण्यातील संस्थेने, बहुतांशी महाराष्ट्रीय संपादकांच्या हातून, ती संहितेतून काढून परिशिष्टात घातली. कारण हस्तलिखितांची साक्ष तिच्या बाजूने नव्हती. संपादकांना काय आवडले असते हा प्रश्न त्या निर्णयात उद्भवला नाही. कथा नष्टही केली गेली नाही. ती कोणत्या प्रतींत आढळते ते सांगून ती वाचकापुढे ठेवली गेली. विल्फर्डच्या व्यवस्थेत हवे ते सापडत होते. या व्यवस्थेत हवे ते नाकारण्याची सोय होती.

सांप्रत विद्यापीठांतील संशोधननीतीची चर्चा मुख्यतः वाङ्मयचौर्याभोवती फिरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या विनियमांनी मजकुरातील साम्याच्या टक्केवारीवरून दोषाच्या पायऱ्या ठरवल्या: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या टप्प्यांवर दंड वाढत जाणार. नक्कल पकडण्यासाठी अशा उपायांची आवश्यकता आहे. परंतु काशीच्या पंडिताचे बारा हजार श्लोक अशा यंत्रापुढे ठेवले तर ते निर्मळ ठरतील, कारण ते पूर्णपणे स्वतंत्र होते. साम्याची मोजणी चोरी पकडते. बनावट पकडत नाही. कारण बनावटीत उणीव मौलिकतेची नसते, आधाराची असते. विद्यार्थ्याने तळटीपेत दिलेले पान ग्रंथात खरोखर आहे का, मुलाखतीची मूळ नोंद पाहायला मिळते का, ताम्रपटाचा ठसा कोणी दुसऱ्याने पाहिला आहे का, हे प्रश्न कोणत्याही टक्केवारीत बसत नाहीत. ते विचारायला मार्गदर्शकाला वेळ काढावा लागतो, आणि क्वचित आपल्या आवडत्या निष्कर्षावर पाणी सोडावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न श्रमाच्या वाटणीचा आहे. विल्फर्डच्या निबंधावर नाव विल्फर्डचे होते. उतारे शोधणारा, लावणारा, लिहिणारा मात्र पडद्याआड होता. तो पुढे आला तो आरोपी म्हणूनच. प्रकल्पांवर राबणारे संशोधन-सहायक, पाहणीसाठी घरोघर फिरणारे, अभिलेखागारात मोडी वाचून देणारे, भाषांतराचा पहिला खर्डा करणारे यांचे स्थान आजही बऱ्याच अंशी असेच आहे. श्रेयात ज्याला वाटा नाही आणि ‘काही मिळाले नाही’ असे सांगण्याची ज्याला मुभा नाही, त्याच्याकडून आलेल्या साधनावर संशोधनाची इमारत उभी राहते. ती कोसळली की दोष खालच्या हाताला लागतो. संशोधननीतीचे नियम सही करणाऱ्यासाठी लिहिले जातात. पोथीचे पान मात्र ज्याच्या हाताखालून जाते तो बहुधा सही करणारा नसतो. त्या हाताला ‘सापडले नाही’ हे उत्तर निर्भयपणे देता येईल आणि त्या उत्तराचीही संशोधन म्हणून नोंद होईल, अशी व्यवस्था निर्माण होईपर्यंत विल्फर्डचा कबुलीजवाब इतिहासजमा झाला असे मानता येणार नाही.